दापोलीला न गेलेली मुलगी

अकरावीच्या वर्गात ती माझ्या शेजारी येऊन बसली तेव्हा मला पहिल्यांदा दिसली ती तिची बोटं. नखांच्या कडा काळ्या, तळहातावर तपकिरी डाग. मला वाटलं, ही हात धूत नसावी. माझ्या नजरेतलं तिने ओळखलं असणार, कारण दोन दिवसांनी केमिस्ट्रीच्या तासाला तिने वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहून वही माझ्याकडे सरकवली. लिहिलं होतं : ‘केळीचा चीक आहे. निघत नाही.’

मी विरार पूर्वेला फुलपाड्यात राहायचे. वडील मूळचे सावंतवाडीकडचे, अंधेरीला नोकरीला. आमच्याकडे केळी डझनाने यायची आणि त्यांना चीक असतो हे मला सोळा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. ती गिरीजची. तिच्या घराची वाडी होती : केळी, नारळ, कडेने पडवळ आणि दुधीचे मांडव. पहाटे बाबांबरोबर वाडीत काम करायची, मग अंघोळ करून सायकलवरून वसईच्या आमच्या कॉलेजात यायची. केसांना पाण्याचा वास असायचा. ही गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची.

आमच्यात पुढे जे झालं त्याला तेव्हा आमच्याकडे शब्द नव्हता. मी कॉलेज सुटल्यावर तिच्याबरोबर वाडीवर जायला लागले. तिची आई मला जेवायला वाढायची. तिच्या बाबांना मी काका म्हणायचे. ते मोजकं बोलणारे, उंच, थोडे वाकलेले गृहस्थ होते. विहिरीच्या काठावर, पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागे आम्ही दोघी बसायचो. एकदा तिने माझा हात धरला आणि सोडलाच नाही. मीही सोडवून घेतला नाही. वर्गातल्या मुली मुलांबद्दल बोलायच्या तेव्हा आम्ही दोघी सारख्याच गप्प असायचो, आणि आपण एकसारख्या गप्प आहोत हे दोघींनाही कळायचं. एवढंच होतं ते. पण तेवढ्यावर आमचे दिवस चालले होते.

तिला दापोलीच्या शेतकी कॉलेजात जायचं होतं. तिच्या वाडीतल्या केळींना एक रोग यायचा. पानं वर झुपक्यासारखी गोळा व्हायची आणि झाड खुजंच राहायचं. बाबा ते झाड उपटून लांब नेऊन जाळायचे, तरी शेजारचं धरायचंच. ती मला त्या झाडांजवळ नेऊन दाखवायची. ‘हे का होतं ते इथे कुणालाच माहीत नाही,’ म्हणायची. ‘सगळे सांगतात, नजर लागली. मला ते शिकायचंय.’

घरात चुलते म्हणायचे, ‘शेती शिकायला कॉलेज कशाला? वाडीत काय करते मग रोज?’ बाबा मात्र असं बोलले नाहीत. त्यांनी तिला सातबाऱ्याचा उतारा काढून आणून दिला, कारण शेतकऱ्याच्या मुलांना तिथल्या प्रवेशात त्याचा उपयोग होतो असं तिने सांगितलं होतं. पण मोठ्या भावाचं लग्न नुकतंच झालं होतं, आणि दोन वर्षं केळी रोगाने गेली होती. बाबा म्हणाले, ‘हॉस्टेलचं माझ्याच्यानं नाय होनार पोरी. दुसरीकडून सोय झाली तर मी नाय म्हननार नाय.’

ती सोय मी शोधली. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढच्या सगळ्याची सुरुवात माझ्यापासून आहे.

विरार स्टेशनजवळ एक सायबर कॅफे होता. प्लायवूडच्या फळ्या मारून केलेले कप्पे, आत एकेक कॉम्प्युटर. मी कॉलेजचे फॉर्म बघायला म्हणून जायचे आणि भलतंच शोधायचे. एक दिवस मुंबईतल्या एका छोट्या संस्थेचं पान सापडलं. पानाच्या खाली इंग्रजीत आणि मराठीत एक सूचना होती : समलिंगी आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांना बारावीनंतरच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती. मी ती ओळ किती वेळा वाचली असेन सांगता येत नाही. आमच्यासारख्यांबद्दलचा शब्द मी तोपर्यंत पेपरात वाचला होता तो भानगडींच्या बातम्यांत. इथे त्याच शब्दाच्या पुढे ‘विद्यार्थ्यांना’ असं लिहिलं होतं. मी पान छापून घेतलं, चार घड्या घातल्या आणि कंपासपेटीत ठेवलं.

तिने ते विहिरीवर बसून वाचलं. पहिल्यांदा ती हसली. मग म्हणाली, ‘म्हणजे हे आपल्याबद्दल आहे?’

‘हो.’

‘आणि यासाठी ते शिकवतात?’

‘तसंच लिहिलंय.’

‘तू भरणार का?’

मी नाही म्हटलं. माझे वडील विरारच्याच कॉलेजात मला घालणार होते, मला दूर जायचं नव्हतं. हे कारण खरं होतं. पण त्याच्या खाली दुसरं होतं, की त्या कागदावर स्वतःचं नाव लिहायची माझी छाती नव्हती. तिची होती.

फॉर्ममध्ये स्वतःविषयी एक पान लिहायचं होतं. तिने ते मराठीत लिहिलं, आणि मी एकही शब्द बदलला नाही. त्यातली काही वाक्यं मला अजून आठवतात. ‘मला मुलगी आवडते हे मला दहावीपासून माहीत आहे. मी हे कोणाला सांगितलेलं नाही, कारण आमच्याकडे सगळे एकमेकांना ओळखतात. माझे बाबा चांगले आहेत. त्यांना हे कळलं तर ते मला मारणार नाहीत, पण त्यांना लोकांत बसता येणार नाही.’ शेवटी तिने केळीच्या रोगाबद्दल लिहिलं होतं, तेच जास्त होतं.

तिला अठरा पूर्ण व्हायला चार महिने कमी होते. फॉर्मच्या शेवटी लिहिलं होतं : अर्जदार अठरा वर्षांखालील असल्यास पालकास सर्व माहिती असल्याची व त्यांची संमती असल्याची सही आवश्यक.

आम्ही तिथे अडलो. ती म्हणाली, ‘राहू दे. पुढच्या वर्षी बघू.’ पुढच्या वर्षी काय होणार ते आम्हा दोघींना माहीत होतं. चुलत्यांनी तिच्यासाठी स्थळं आणायला सुरुवात केली होती.

मी तिला तिचं शाळेतलं जुनं प्रगतिपुस्तक आणायला सांगितलं. काकांची, म्हणजे तिच्या बाबांची, सही त्यात पानोपानी होती. ते आधी एक लांब आडवी रेघ ओढायचे आणि मग तिला खालून एकेक अक्षर टांगत जायचे. मी घरी रफ वहीत ती तीस-चाळीस वेळा गिरवली. मग फॉर्मवर केली. इतकी हुबेहूब आली की मला स्वतःचा थोडा अभिमानच वाटला.

महिन्याभराने मुलाखतीला बोलावलं. पत्रव्यवहाराला तिने माझा पत्ता दिला होता, कारण गिरीजला पोस्टमन पत्र दुकानात ठेवून जायचा आणि ते घरी पोहोचेपर्यंत चार जणांच्या हातातून जायचं. आम्ही दादरला गेलो. जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकच खोली, भिंतीवर रंगीत पोस्टर, एक लोखंडी कपाट. मुलाखत घेणारे गृहस्थ साठीच्या पुढचे होते, बँकेतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेले. मला ते आमच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीसारखे वाटले. असा माणूस आमच्यातला असू शकतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

‘मला मामा म्हणा,’ ते म्हणाले. ‘सर म्हटलं की मला बँक आठवते.’

त्यांनी तिला विचारलं, ‘तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?’

ती म्हणाली, ‘शिकून झाल्यावर मला वाडीवर परत येऊ देणार नाहीत, याची.’

मामांनी चष्मा काढून पुसला. मग फॉर्म उलटून शेवटचं पान बघितलं आणि म्हणाले, ‘पण वडिलांनी सही केलीय की. मग येऊ देतील.’ आम्ही दोघी टेबलाकडे बघत राहिलो.

तिची निवड झाली. पत्र माझ्याकडे आलं, साध्या पाकिटातून. संस्थेचं नाव कुठल्याही महिला मंडळाला शोभेल असं होतं आणि पत्रात शिष्यवृत्ती कशाबद्दल ते लिहिलेलं नव्हतं. म्हणून आम्ही ते काकांना दाखवलं. ‘हुशार मुलींना मदत करणारी संस्था आहे,’ असं तिने सांगितलं. काकांनी पत्र दोनदा वाचलं, देवासमोर ठेवलं, आणि मग उचलून शर्टाच्या खिशात घातलं. त्या आठवड्यात ते पत्र खिशातून किती वेळा बाहेर आलं असेल! सोसायटीत, दुकानावर, देवळाच्या पायरीवर. चुलतेसुद्धा गप्प झाले. दापोलीला तिचं नाव लागलं होतं, हॉस्टेल मिळणार होतं. तिच्या आईने नवीन चादर आणली आणि पत्र्याची ट्रंक घासून उन्हात वाळत ठेवली.

काका म्हणाले, ‘त्या लोकांना एकदा भेटून येतो.’

‘नको बाबा,’ ती म्हणाली. ‘त्यांना तसलं आवडत नाही.’

‘कसलं? हात जोडलेलं कोनाला आवडत नाय?’

आम्ही दोघींनी त्यांना चार-पाच तऱ्हेने समजावलं. ते लोक फार कामात असतात, कधी भेटतात कधी नाही, आधी विचारावं लागतं. ते ऐकून घ्यायचे. आम्हाला वाटलं, पटलं त्यांना.

ती आणि मी मेडिकल सर्टिफिकेट आणायला गेलो होतो त्या दिवशी ते एकटे निघाले. धुतलेला पांढरा शर्ट, पायात चपला, खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेला वेलची केळ्यांचा अख्खा लोंगर, सबंध घडच, आणि पिशवीत दोन दुधी. पत्ता पत्रावर होता. दादरला विचारत विचारत त्यांनी ती इमारत शोधली.

पुढचं मला मामांनी नंतर सांगितलं. खोलीत ते एकटेच होते. दारात हा माणूस उभा राहिला आणि म्हणाला, ‘मी अमुक मुलीचा बाप. तुमचे पाय धरायला आलोय.’ त्याने लोंगर खाली ठेवला. मामांनी त्यांना बसवलं, चहा मागवला. मामांच्या वडिलांनी मामांना पंचविसाव्या वर्षी घराबाहेर काढलं होतं आणि मरेपर्यंत तोंड बघितलं नव्हतं. त्यांना त्या केळ्यांकडे बघून रडू यायला लागलं. ते काकांचा हात धरून म्हणाले, ‘इतकी वर्षं मी हे काम करतोय. मुलगी अशी आहे हे माहीत असून तिच्यासाठी केळी घेऊन येणारा बाप मी पाहिला नव्हता.’

काका म्हणाले, ‘कशी आहे?’

मामांना वाटलं, साधा माणूस आहे, शब्द माहीत नसेल. म्हणून त्यांनी सोपं करून सांगितलं.

काकांबद्दल मामा मला म्हणाले, ‘चहा पूर्ण प्यायले. कप-बशी कुठे ठेवायची ते विचारलं. सही कुठाय ते बघू म्हणाले, म्हणून मी फॉर्म काढून दिला. ते बराच वेळ बघत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं. तोपर्यंत ते जिना उतरले होते.’

दोन दिवस काका घरात कुणाशी काही बोलले नाहीत. वाडीत गेले, आले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते फुलपाड्याला आमच्या घरी आले. तिसऱ्या मजल्यावर, जिने चढून. आईने दार उघडलं, ओळख पटल्यावर त्यांना खुर्ची दिली, आणि पाणी आणायला आत गेली. आमचं स्वयंपाकघर म्हणजे तिथून पाच पावलं. भांडं ठेवल्याचा आवाजसुद्धा बाहेर यायचा, आणि बाहेरचं सगळं आत.

काका माझ्याकडे बघून म्हणाले, ‘फारमावर माझी सही हाय. ती म्हनते, तिनं केली. तिचं अक्षर मला ठाऊक हाय. तिला एवढी सरळ रेघ नाय येत.’

मी ओढणीच्या टोकाला गाठ मारायला लागले.

‘कोनी केली?’

आत नळ बंद झाला होता. आई ऐकत होती. मी ‘मी केली’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की कसला फॉर्म, कसली संस्था, तू कशी काय तिथे. उत्तर आमच्या दोन खोल्यांत मावलं नसतं. मला हे सगळं त्या वेळी इतकं स्पष्ट सुचलं नाही.

‘मला माहीत नाही काका,’ मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. आईने पाणी आणलं, ते प्यायले. उठताना हळूच म्हणाले, ‘पोरी, आता थोडे दिस वाडीवर येऊ नको.’ आवाजात राग नव्हता. दारात आईला नमस्कार करून ते गेले.

‘कसली सही गं?’ आईने विचारलं.

‘कॉलेजची,’ मी म्हटलं. आई माझ्याकडे बघत उभी राहिली. मग ती भात बघायला आत गेली, आणि त्यानंतर तिने तो विषय कधीच काढला नाही.

दापोलीच्या प्रवेशासाठी पालकाने बरोबर जाणं आवश्यक होतं. निघायचा दिवस आधीच ठरलेला होता, सकाळची एसटी, नालासोपाऱ्याच्या स्टँडवरून. आमचं बोलणं तुटलं होतं. तिच्याकडे फोन नव्हता, शेजारच्या घरी फोन करायची मला हिंमत झाली नाही. तरी मी त्या दिवशी स्टँडवर गेले. मनात होतं, काका आले असतील. राग असला तरी आणतील, त्यांनी शब्द दिला होता. मी घरून दशम्या आणि लसणाची चटणी बांधून नेली होती, दोघांना वाटेत खायला.

गाडी लागली. लोक चढले. मी प्रत्येक रिक्षाकडे बघत होते. कंडक्टरने विचारलं, ‘ताई, यायचंय का?’ मी नाही म्हटलं. तो म्हणाला, ‘मग दारातून बाजूला व्हा.’ गाडी मागे सरकली, वळली आणि गेली. मी अजून तासभर तिथेच बसले. पुढच्या गाडीने येतील असं वाटलं. पुढची दापोली गाडी त्या दिवशी नव्हतीच, हे मला फलकावर दिसत होतं, तरी बसले.

चार दिवसांनी न राहवून मी वाडीवर गेले. काका बाजारात गेले होते. ती केळींना माती लावत होती. मला बघून तिने फावडं ठेवलं. रडली असेल असं मला वाटलं होतं, पण तिचा चेहरा कोरडा होता, फक्त थकलेला.

‘त्या दिवशी काय झालं?’ मी विचारलं.

‘मी तयार होऊन बसले होते. ट्रंक ओटीवर होती. बाबा बनियनवर पायरीवर बसले होते. मी म्हटलं, बाबा, गाडी जाईल. ते काही बोलले नाहीत. मी दोन वेळा म्हटलं. मग ऊन आलं.’

‘तू एकटी का नाही निघालीस? मी पैसे—’

‘बाबा जेवत नाहीत,’ ती म्हणाली. ‘दादरहून आले त्या दिवसापासून. चहा घेतात फक्त. सही कोणी केली एवढंच एकदा विचारलं, त्यानंतर मला एक शब्द बोललेले नाहीत, कुणाला काही सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही. चुलत्यांनी विचारलं तर म्हणाले, माझी तब्येत बरी नाय म्हणून पोरीचं राहिलं.’ तिने हाताने फावड्याची माती काढली. ‘मारलं असतं ना, तर गेले असते मी. खरंच गेले असते.’

मी म्हटलं, ‘मी त्यांना सांगते. सही मी केली म्हणून.’

‘सांगून काय होईल?’

‘तुझ्यावरचं थोडं कमी होईल.’

‘काही कमी होणार नाही. तुझ्या घरी कळेल, तुझं कॉलेज जाईल.’ तिने माझ्याकडे बघितलं. ‘एकीचं तरी राहू दे.’

हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. मी ते कबूल करते. तिच्यासमोर उभी होते, तिचं सगळं गेलेलं होतं, आणि माझ्या आत कुठेतरी एक मूल उड्या मारत घरी निघालं होतं. त्याची लाज मला नंतर वाटली. त्या क्षणी मी फक्त ‘बरं’ म्हटलं.

मामांना मी फोन केला. ते दुसऱ्याच दिवशी वसईला आले. स्टेशनबाहेरच्या हॉटेलात आम्ही बसलो. त्यांच्यासमोर डोसा गार होत होता. ‘माझ्या जिभेने घात केला,’ ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. तेव्हा मी त्यांना सहीचं सांगितलं. जगात पहिल्यांदा कुणाला तरी. त्यांनी डोशाची ताटली बाजूला सरकवली.

‘तुला कल्पना आहे, यात आमची संस्था बंद पडू शकते?’

‘हो.’ खरं तर नव्हती.

‘आता तिच्यासाठी काय करता येईल?’ मी विचारलं.

त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. ती अठराची नाही. त्यांनी तिला परस्पर दापोलीला नेलं तर मुलगी पळवल्याची तक्रार होईल. आमच्यासारख्यांच्या बाजूने तेव्हा कायदाही उभा नव्हता, उलट विरोधातच होता. वडिलांना भेटायला पुन्हा जावं तर गावात बभ्रा होईल आणि तिची जी झाकली मूठ आहे ती उघडेल. वडील हो म्हणाले तर शिष्यवृत्ती अजून तिचीच आहे, प्रवेशाची मुदत संपेपर्यंत ते ती दुसऱ्याला देणार नाहीत.

‘पण ते हो म्हणायचे नाहीत,’ मी म्हटलं.

‘नाही म्हणालेत का?’

‘काहीच म्हणत नाहीत.’

‘माझे वडीलही काही म्हणायचे नाहीत,’ मामा म्हणाले. त्यांनी बिल दिलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून ते गेले. प्रवेशाची मुदत नऊ दिवसांनी संपली. त्या नऊ दिवसांत मी रोज काहीतरी करायचं ठरवलं आणि रोज काही केलं नाही. करण्यासारखं काय होतं ते मला आजही कुणी सांगावं.

काका हळूहळू जेवायला लागले. ती वाडीतच राहिली. पुढच्या वर्षी तुळशीचं लग्न झाल्यावर तिचं लग्न झालं, बोईसरला, कंपनीत नोकरी करणाऱ्या मुलाशी. पत्रिका द्यायला काका स्वतः आले. माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, ‘सगळ्यांनी यायचं.’ आम्ही गेलो. तिने हिरवा चुडा भरलेले हात माझ्यापुढे केले आणि म्हणाली, ‘बघ, डाग गेले.’ मी हसले. मागे फोटोवाला सगळ्यांना जवळ सरकायला सांगत होता.

मी बी.एस्सी. केलं, लॅब टेक्निशियनचा कोर्स केला. मामांनी मला माझ्यासाठी दोनदा फॉर्म पाठवला. मला अठरा पूर्ण झाली होती, कुणाची सही लागणार नव्हती. मी भरला नाही. लग्न केलं नाही. आईबाबांशी त्यावरून खूप झालं, मग तेही थकले. तिचा फोन वर्षातून एकदा येतो, गणपतीत. मुलगा कितवीत, मुलगी कितवीत, पाऊस किती. एकदा तिने विचारलं, ‘तुझं कुणी आहे?’ तेव्हा होतं. मी हो म्हटलं. ती म्हणाली, ‘बरं झालं,’ आणि लगेच गॅसवर काहीतरी आहे म्हणून फोन ठेवला.

काका मला नंतर एकदाच भेटले. मी वसईत एका लॅबमध्ये होते. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांच्या रांगेत ते बसले होते, खूप वाळलेले. त्यांची पाळी आली तेव्हा मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. त्यांनी मला ओळखलं.

‘शिकलीस ना तू?’

‘हो काका.’

‘लग्न?’

‘नाही केलं.’

त्यांनी मान हलवली. शीर सापडत नव्हती, मला दुसऱ्या हाताला बघावं लागलं. ते सुईकडे बघत म्हणाले, ‘तिचं केलं मी. केलं म्हंजे करून टाकलं.’ मग थोड्या वेळाने, ‘तो दादरचा मानूस चांगला होता. मला चा पाजला.’

सुई निघाली होती. मी कापूस दाबून त्यांचा हात कोपरात दुमडला. बाहेर पंधरा जण बसलेले होते. मी म्हटलं, ‘काका, ती सही मी केली होती.’

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना ऐकू आलं नाही की काय असं वाटून मी पुन्हा सांगणार होते.

‘हा कापूस किती वेळ धरायचा?’ त्यांनी विचारलं.

‘पाच मिनिटं.’

ते हात धरून उठले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. पाच मिनिटं होईपर्यंत तिथेच होते, मला काचेतून दिसत होते. मग गेले. संध्याकाळी रिपोर्ट न्यायला त्यांचा मुलगा आला. साखर खूप वाढलेली होती. डॉक्टरांना आजच दाखवा, उद्यावर टाकू नका, एवढं मी त्याला सांगितलं.